जेवणाची वाइन : पत्ता पेनसिल्वेनियाचा टाकला की ऑर्डर अडते

प्रेषक : मेधा

नमस्कार मंडळी,
काका-काकूंच्या निरोपाच्या जेवणाला कॅलिफोर्नियातल्या लोडीची झिनफँडेल ही लाल वाइन मागवायचं बैठकीत ठरलंच आहे. न्यू जर्सीतल्या एका दुकानाच्या साइटवर भाव चांगला होता, म्हणून दोन केसेस (बारा-बारा बाटल्यांची खोकी) टाकल्या. पैसे भरायच्या पानावर झिप कोड टाकला आणि 'या राज्यात पाठवता येत नाही' असं येऊन सगळं अडलं. आणखी दोन दुकानांच्या साइटवर पाहिलं, तिथेही तेच. प्रसाद, गेल्या दिवाळीत तुझ्याकडे कॅलिफोर्नियाहून वाइन घरपोच आली होती ना? कुठून मागवली होतीस? जेवण या शनिवारी नाही, पुढच्या शनिवारी आहे. आज-उद्या कळलं तर बरं.
– मेधा

प्रेषक : प्रसाद

मेधा, मी थेट वाइनरीकडून मागवली होती. फरक तिथेच आहे. पेनसिल्वेनियाच्या २०१६ च्या अ‍ॅक्ट ३९ या कायद्यानंतर वाइन बनवणाऱ्याला आपल्या राज्याचं लायसन्स काढून घरी पाठवता येते. बाहेरच्या राज्यातल्या दुकानाला ती मुभा नाही, मग ते दुकान नदीपलीकडे न्यू जर्सीत असो की न्यूयॉर्कात. त्या लोडीच्या वाइनरीकडे लायसन्स आहे का ते आधी बघ. पीएलसीबीच्या, म्हणजे आपल्या राज्याच्या दारू नियंत्रण खात्याच्या साइटवर लायसन्स असलेल्यांची यादी असते. एका वाइनरीकडून एका माणसाला वर्षाला ३६ केसेसपर्यंत चालतात, त्यामुळे दोन केसेसची काही अडचण नाही.
प्रसाद

प्रेषक : सुहास

प्रसादने बरोबर सांगितलं. २०१६ च्या आधी इथे काय होतं ते नव्या लोकांना माहीत नसेल. बाहेरून मागवलेली वाइन घरी येतच नसे. राज्याच्या सरकारी दारू दुकानात येऊन पडायची आणि आपण ती जाऊन उचलायची. वर जॉन्सटाउनचा कर! १९३६ च्या मार्चमध्ये जॉन्सटाउनला पूर आला, त्याच्या मदतीसाठी दारूवर १० टक्के तात्पुरता कर बसवला. पूर ओसरला, गाव उभं राहिलं, कर मात्र वाढत १९६८ मध्ये १८ टक्क्यांवर गेला तो आजही आहे. पैसे राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत जातात. मी आमच्या प्रतिनिधीला यावर पत्रं लिहिली आहेत आणि अजून लिहिणार आहे. ज्यांना सही करायची असेल त्यांनी मला कळवावं.
माझं म्हणणं, डेलावेअरला जाऊन घेऊन या. विक्रीकर नाही, अर्ध्या तासाचा रस्ता.
– सुहास

प्रेषक : शिरीष

सुहासकाका, डेलावेअरचा सल्ला मंडळाच्या या ईमेल-यादीवर नको, ही हात जोडून विनंती. दुसऱ्या राज्यात विकत घेतलेली वाइन गाडीत घालून इथे आणणं आपल्या राज्यात बेकायदा आहे. लोक आणतात हे मलाही माहीत आहे. पण मंडळाच्या ईमेलवर, मंडळाच्या कार्यक्रमासाठी, लेखी? खजिनदार म्हणून मला ते मान्य नाही.
– शिरीष

प्रेषक : राजश्री

पुराच्या करावरून आठवलं. थेट वाइनरीकडून येणाऱ्या बाटल्यांना तो १८ टक्के लागत नाही. त्याऐवजी गॅलनला अडीच डॉलर आणि नेहमीचा ६ टक्के विक्रीकर. बारा बाटल्यांची केस म्हणजे नऊ लिटर, त्यावर गॅलनचा कर सहा डॉलरच्या आतच बसतो. तेव्हा सुहासकाका, या ऑर्डरपुरता तरी तुमचा राग शांत होऊ दे.
– राजश्री

प्रेषक : अनिरुद्ध

मेधाताई, दुकानवाल्यांवर चिडून उपयोग नाही, त्यांचे हात बांधलेले आहेत. १९३३ मध्ये २१ व्या घटनादुरुस्तीने दारूबंदी उठली, तेव्हाच दारूचं काय करायचं हे ज्या त्या राज्यावर सोपवलं. म्हणून प्रत्येक राज्याचं तंत्र वेगळं. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने मिशिगन आणि न्यूयॉर्कच्या खटल्यात सांगितलं, की राज्यातल्या वाइनरीला घरपोच पाठवू द्यायचं आणि बाहेरच्या वाइनरीला अडवायचं असा दुजाभाव चालणार नाही. त्या निकालाने वाइनरींना दार उघडलं, दुकानांचा प्रश्न तसाच राहिला.
– अनिरुद्ध

प्रेषक : नितीन

अनिरुद्ध, २०१९ चा टेनेसीचा निकाल विसरलास का? तो दुकानांबद्दलच होता. त्याप्रमाणे दुकानांनाही अडवता येत नाही. मेधाने त्या दुकानाला फोन करून हे सांगावं.

प्रेषक : अनिरुद्ध

नितीन, टेनेसीचा खटला दुकानाचं लायसन्स कोणाला द्यायचं यावर होता. अर्जदार दोन वर्षं राज्यात राहिलेला हवा ही अट कोर्टाने रद्द केली. घरपोच पाठवण्याचा प्रश्न तिथे नव्हता. त्या निकालाचा आधार घेऊन बाहेरच्या दुकानांनी खटले लढवले आहेत आणि मिशिगनच्या खटल्यात २०२० मध्ये अपील कोर्टाने राज्याच्याच बाजूने निकाल दिला. फोन करून दुकानदार पाठवणार नाही, आणि पाठवली तर लायसन्स त्याचं जाऊ शकतं.

प्रेषक : नीलिमा

वाइन येतेच आहे तर नाशिकची का नको? ज्यांना निरोप द्यायचा ते काका मूळचे नाशिकचे. शेनँ ब्लाँ ही पांढरी वाइन त्यांना किती आवडते ते आमच्याकडच्या हळदीकुंकवाच्या वेळी सगळ्यांनी पाहिलंय. नाशिककडे नव्वदीनंतर द्राक्षाच्या बागायतदारांनी वाइनचं वेड घेतलं, २००१ मध्ये राज्याने वाइनसाठी वेगळं धोरण आणलं, आणि आज आपल्या माणसांच्या निरोपाला आपली वाइन नसावी?
– नीलिमा

प्रेषक : प्रसाद

नीलिमाताई, कल्पना मनापासून आवडली, पण नाशिकची वाइन इथे आयातदारामार्फत येते. बाहेरच्या राज्यातलं दुकान ती आपल्याला पाठवू शकत नाही, मघाचंच कारण. सरकारी दुकानातून स्पेशल ऑर्डर देता येते. त्यात किती दिवस जातील हे त्यांच्या हातात नसतं आणि बऱ्याचदा पूर्ण केसच घ्यावी लागते. या शनिवारच्या पुढच्या शनिवारला जमेल असं वाटत नाही. पाडव्यासाठी आत्ताच ऑर्डर देऊन ठेवू या, मी दुकानात जाऊन येतो.

प्रेषक : सुहास

तिकडचं काय सांगता. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात आजही प्यायचा परवाना लागतो. एक दिवसाचा पाच रुपयांना मिळतो. पुण्याला गेलो की मी तो घेतो आणि पाकिटात ठेवतो, दुकानदार हसले तरी घेतो. कायदा आहे तोवर पाळायचा, नाहीतर बदलायला लावायचा. २०२० च्या मे महिन्यात करोनात तिकडे घरपोच सुरू झालं तेही परवानाधारकांनाच. आणि शिरीष, डेलावेअरचं मी फक्त सुचवलं होतं.

प्रेषक : मेधा

सगळ्यांचे आभार. वाइनरीला फोन केला. यादीत त्यांचं नाव आहे आणि ते आपल्याकडे पाठवतात. आता दुसरी अडचण. खोकं सहीशिवाय देत नाहीत, आणि सही करणारी व्यक्ती २१ वर्षं पूर्ण झालेली हवी, ओळखपत्र दाखवावं लागतं. आम्ही दोघंही दिवसभर ऑफिसात. घरी सासूबाई आहेत, पासपोर्टही आहे, पण खोक्यावर मोठ्या अक्षरांत मद्य असल्याचं छापलेलं असतं. त्यांना दारात उभं करून त्यावर सही करायला लावणं मला प्रशस्त वाटत नाही, आणि त्यांनाही ते आवडणार नाही. दिवसा घरी कोण असतं?

प्रेषक : राजश्री

माझ्या पत्त्यावर मागव. मी मंगळवार ते शुक्रवार घरून काम करते. फक्त ऑर्डर देतानाच माझं नाव आणि पत्ता टाक, मागाहून बदलायला गेलं की गोंधळ होतो. आणि फोनवर त्यांना एवढं सांग, की शनिवार-रविवारी गोदामात पडून राहील अशा बेताने पाठवू नका. सोमवारी निघालं पाहिजे.
ऑगस्टमध्ये आमच्याकडे आलेलं खोकं कोणत्या तरी गाडीत तापलेलं होतं. दोन बाटल्यांचं बूच वर सरकून झाकणाला टेकलं होतं आणि पुठ्ठ्यावर चिकट जांभळा डाग. वास शिजलेल्या मनुकांसारखा. वाइनरीने पैसे परत दिले, पण तेही खोक्याचे फोटो काढून ठेवले होते म्हणून. आता ऑक्टोबर आहे, तसं व्हायचं कारण नाही, तरी फोटो काढीनच.

प्रेषक : अपर्णा

मला एकच विचारायचं आहे. मंडळाच्या जेवणात वाइन असावी का यावर कधी चर्चा झाली? लहान मुलं असणार, काही घरं अजिबात घेत नाहीत. विरोध नाही, पण विचारायला हवं होतं असं वाटतं.
– अपर्णा

प्रेषक : शिरीष

अपर्णा, चर्चा झाली होती, तेव्हा तू भारतात होतीस. टेबल वेगळं असणार आणि शेजारी कोकम सरबत.
पण तुझ्या प्रश्नात खरी गोष्ट दडली आहे आणि ती मी आज स्पष्ट सांगतो. थेट घरी आलेली वाइन स्वतःच्या वापरासाठी असते, विकायला नाही. आपण माणशी २५ डॉलर वर्गणी घेतो आणि त्याच पैशातून पेले भरतो, तर ती विनापरवाना विक्री ठरू शकते. म्हणून मंडळाच्या खात्यातून वाइनला एक पैसाही जाणार नाही, आणि आमंत्रणात 'जेवण व वाइन' असं लिहायचं नाही. राजश्री आणि मेधाच्या घरांनी स्वतःच्या पैशाने आणून पाहुण्यांना द्यावी. बाकी ज्यांना हवी त्यांनी आपापली बाटली आणावी, फिलाडेल्फियात कितीतरी रेस्टॉरंटांत हेच चालतं. हॉलवाल्यांची लेखी संमती मी घेतो. ते काम माझ्याकडेच राहू द्या, मागच्या वेळी तिघांनी तीन फोन केले होते.
– शिरीष

प्रेषक : मेधा

मान्य. पैसे आम्ही दोघी देतोय, राजश्रीशी बोलणं झालं. दोन केसेस तिच्या पत्त्यावर, सोमवारी निघणार. ज्यांना आपली बाटली आणायची आहे त्यांनी सुपरमार्केटमधून घेताना लक्षात ठेवा, एका खरेदीत तीन लिटरपर्यंतच देतात, म्हणजे चार बाटल्या. सरकारी दुकानात ती मर्यादा नाही.
प्रसाद, नाशिकच्या ऑर्डरचं बघ. नीलिमाताई, तुम्ही त्याच्याबरोबर जा. कोणती शेनँ ते तुम्हालाच माहीत आहे.
– मेधा

प्रेषक : नीलिमा

जाते. गुरुवारी संध्याकाळी. प्रसाद, साडेपाचला मला घरून घे.