सायकलच्या त्रिकोणात इंजिन मावत नाही. फ्रेम कापावी का?

प्रश्न : तिरकी_दांडी

नमस्कार. पोलादी फ्रेमच्या माउंटन सायकलला दोन-स्ट्रोक इंजिनाचा संच बसवण्याचे काम मी हाती घेतले आहे. खोक्यावर 80 सीसी असे छापलेले असले तरी 47 मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि 38 मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव) या मापांवरून हिशेब केला तर क्षमता 66 सीसीच्या आसपास भरते. तेवढी मला पुरेशी आहे. अडचण जागेची आहे. सीटच्या नळीचा व्यास 28.6 मिमी असल्यामुळे मागचा क्लॅम्प नीट बसतो, परंतु पुढची तिरकी नळी 38 मिमी जाडीची असल्याने पुढचा क्लॅम्प तिच्यावर मिटतच नाही. शिवाय वरची दांडी सीटकडे उतरत जाणारी आहे, त्यामुळे स्पार्क प्लगवर टोपी चढवली की ती दांडीला टेकते, आणि कार्ब्युरेटरचा एअर फिल्टर सीटच्या नळीला घासतो.

मला दोन सल्ले मिळाले आहेत. वरची दांडी मधे कापून तिथे कमानीसारखा वाकवलेला तुकडा वेल्ड करावा, हा एक. आणि पुढच्या नळीला आरपार भोक पाडून एकाच बोल्टवर इंजिन धरावे, हा दुसरा. यांपैकी कोणता मार्ग कमी धोक्याचा आहे?

प्रतिसाद : उभा_सिलिंडर

दोन्ही नकोत, असे माझे स्पष्ट मत आहे. नळीची ताकद तिच्या अखंड गोलाईत असते. पुढच्या तिरक्या नळीवर चालवणाऱ्याचे वजन, ब्रेकचा झटका आणि इंजिनाची थरथर हे सगळे एकत्र येते, आणि भोकाची कड ही तडा सुरू होण्याची सर्वांत सोयीची जागा असते. बऱ्याच फ्रेमच्या नळ्या टोकांना जाड आणि मधे पातळ असतात, आणि भोक नेमके त्या पातळ भागात पडते. संचासोबत त्यासाठी पट्टी येते म्हणून ती पद्धत योग्य ठरत नाही.

आता जागा कुठे गेली ते पाहू. सीटची नळी आणि पुढची नळी मिळून खाली निमुळती होत जाणारी खाच तयार होते, आणि इंजिन त्या खाचेत जिथे अडते तिथे बसते. पुढची नळी 28 ऐवजी 38 मिमी असेल तर तिचा आतला पृष्ठभाग सुमारे 5 मिमी आत येतो. दोन नळ्यांमधला कोन 60 अंशांच्या आसपास धरला तर एवढ्याने इंजिन सीटच्या नळीवरून जवळपास 6 मिमी वर सरकते. म्हणजे क्लॅम्प न मिटणे आणि प्लगची टोपी दांडीला टेकणे या तुमच्या दोन तक्रारींचे मूळ बऱ्याच अंशी एकच आहे. म्हणून आधी पुढच्या क्लॅम्पचे पाहावे. इंजिनाच्या पुढच्या दोन स्टडना (बाहेर आलेल्या आटेदार दांड्यांना) बसेल अशी जाड पोलादी पट्टी घ्यावी, तिच्या पाठीला 38 मिमी नळीच्या गोलाईची खाच करून घ्यावी, आणि ती नळीला दोन यू-बोल्टने आवळावी. पट्टी जेवढी कमी जाडीची ठेवता येईल तेवढे इंजिन खाली उतरेल. मात्र खाली उतरवताना क्रँककेस (इंजिनाचा खालचा भाग) बॉटम ब्रॅकेटला (पेडलचा आस जिथे बसतो त्या भागाला) किंवा पेडलच्या चेनचक्राला लागत नाही, हे प्रत्येक वेळी तपासावे.

पट्टी आणि नळी यांच्यामध्ये रबर घालण्याचा मोह टाळावा. रबरामुळे थरथर कमी होईल असे वाटते, पण प्रत्यक्षात चेनच्या ओढीने इंजिन हलत राहते, नट सैल होतात आणि शेवटी स्टड तुटतो. पॅकिंग लागलेच तर ते ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे असावे.

प्रतिसाद : तेलकट_हात

वरच्या मुद्द्यांशी सहमत आहे. प्लग आणि कार्ब्युरेटरबद्दल थोडी भर घालतो.

सरळ टोपीऐवजी काटकोनात वळलेली टोपी घेतली तर उंचीची बरीच बचत होते. तेवढ्यानेही भागले नाही, तर ज्यात प्लग तिरका बसतो असा हेड (सिलिंडरचे वरचे झाकण) घ्यावा. बुटका प्लग शोधताना केवळ त्याची बाहेरची उंची पाहू नये. आट्यांची लांबी मूळ प्लगएवढीच हवी, कारण लांब आटे पिस्टनपर्यंत पोहोचू शकतात आणि आखूड आट्यांमुळे हेडमधल्या उघड्या आट्यांत काजळी साचते.

येथे एक तारतम्य ठेवावे. प्लग काढण्यासाठी पाना फिरेल एवढी जागा हवीच हवी. सिलिंडर स्टडवरून वर उचलून काढण्याइतकी जागा मात्र नसली तरी चालते, कारण ते काम क्वचित निघते आणि त्या वेळी इंजिन फ्रेममधून खाली उतरवता येते. किंवा स्टडवर दोन नट एकमेकांवर आवळून, खालच्या नटाला पाना लावून स्टडच बाहेर काढता येतो.

कार्ब्युरेटरसाठी बाजूला वळलेला इनटेक पाइप मिळतो, त्यामुळे फिल्टर सीटच्या नळीच्या शेजारून जातो. पाइप कसाही वळवला तरी कार्ब्युरेटरचे फ्लोटचे भांडे समतल राहिले पाहिजे, नाहीतर पेट्रोल तरी ओसंडते, नाहीतर इंजिन उपाशी राहते. पाइप लांब असेल तर कार्ब्युरेटरला आधाराची पट्टी द्यावी. जोडाच्या गॅस्केटमधून हवा शिरू लागली की मिश्रण पातळ होते, इंजिन प्रमाणाबाहेर तापते आणि पिस्टन जाम होण्याची वेळ येते. बिघाडाचे हे कारण सहसा शेवटी लक्षात येते.

तिरकी_दांडी

दोघांचेही आभार. पुढची नळी आणि प्लग यांचा संबंध असेल हे माझ्या लक्षात आले नव्हते. पुठ्ठ्यावर इंजिनाची बाजूची आकृती कापून फ्रेममध्ये धरून पाहिली. पट्टी पातळ ठेवली आणि काटकोनी टोपी वापरली तर दांडीखाली बोट जाईल एवढी फट राहते. दांडी कापण्याचा विचार सोडला आहे. आणखी कुठे अडेल, असे तुम्हांला वाटते?

प्रतिसाद : उभा_सिलिंडर

पुठ्ठ्याने उंची कळते, रुंदी कळत नाही. इंजिन तात्पुरते बसवून दोन्ही पेडल पूर्ण फिरवावीत. क्लचचे झाकण, मॅग्नेटोचे झाकण किंवा सायलेन्सर यांपैकी एखादा भाग क्रँकच्या (पेडलच्या दांड्यांच्या) वाटेत आला, तर जास्त लांब आसाचा बॉटम ब्रॅकेट घालावा लागतो, आणि मग पेडलच्या चेनची रेषाही पुन्हा जुळवावी लागते. पुढे सस्पेन्शन असेल तर ते पूर्ण दाबून, हँडल दोन्ही बाजूंना वळवून, चाक एक्झॉस्टला लागत नाही ना हेही पाहावे.

माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची जागा डावीकडे मागे आहे. इंजिनाची चेन टायर आणि फ्रेमची मागची नळी यांच्या मधून जाते, आणि माउंटन सायकलचे रुंद टायर तिथे हमखास आडवे येतात. टायर अरुंद करणे हा सरळ उपाय आहे. चेन ताणणारी पुली शक्यतो टाळावी, कारण तिचा क्लॅम्प नळीवर फिरला तर ती थेट स्पोकमध्ये शिरते आणि चाक जागीच अडकते. चेनची लांबी अर्ध्या कडीने जुळवता आली तर पुलीची गरज पडत नाही. पुली ठेवावीच लागली, तर तिच्या क्लॅम्पला फिरता येणार नाही असा बंदोबस्त आधी करावा आणि मगच इंजिन सुरू करावे.

पहिल्यांदा इंजिन तापून पूर्ण गार झाले की यू-बोल्ट आणि स्टडचे नट पुन्हा आवळावेत.