पिकअप आणि बोटे यांच्यामधला दुवा

इलेक्ट्रिक गिटारच्या आवाजात ‘लाकडाने फारसा फरक पडत नाही, आवाज पिकअप (तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणारा भाग) आणि वादकाची बोटे ठरवतात’ असे एक मत आहे आणि ते मला बहुतांशी पटते. मात्र त्यात व्हॉल्यूमच्या पॉटचा, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणामागच्या बदलत्या रोधाचा, उल्लेख राहून गेला आहे. सिंगल-कॉइल (एका वेटोळ्याच्या, उजळ आवाजाच्या) पिकअपला सहसा २५० किलोओहमचा, तर हंबकरला (दोन वेटोळ्यांच्या, जाड आवाजाच्या पिकअपला) ५०० किलोओहमचा पॉट लावतात, कारण पॉटचा रोध जितका कमी, तितक्या वरच्या कंप्रता (आवाजातला तीक्ष्ण भाग) अधिक दबतात. माझ्या हंबकरच्या गिटारमध्ये दुरुस्तीच्या वेळी २५० चा पॉट बसवला गेला होता आणि तारा नव्या असूनही कॉर्ड (एकत्र वाजवलेले स्वर) गढूळ वाटत होते. त्याजागी ५०० चा पॉट डाख देऊन बसवताच प्लेक्ट्रम (तारा छेडायची पट्टी) तारेला घासल्याचा बारीक आवाजही पुन्हा स्वच्छ ऐकू आला. गिटार, पिकअप, अँप्लिफायर आणि माझी बोटे, सारे तेच होते.