केबलच्या बिलातली 'ब्रॉडकास्ट टीव्ही फी' शेवटी कुणाच्या खिशात जाते? (अमेरिका)

रिमोट_हरवला:
अमेरिकेत एबीसी, सीबीएस, एनबीसी, फॉक्स ही नेटवर्कं अँटेनावर फुकट दिसतात. तरी केबलच्या बिलात 'ब्रॉडकास्ट टीव्ही फी' ही वेगळी ओळ असतेच. हे पैसे नेटवर्कला जातात, त्याचे कार्यक्रम दाखवणाऱ्या शहरातल्या स्टेशनला, की केबलवालाच ठेवून घेतो? जाहिरातींची वाटणी कशी होते? आकडे मांडून कुणी सांगेल का?

हिशेबवही:
ती ओळ सरकारी कर नाही, एवढं आधी डोक्यात पक्कं करा. नाव आणि रक्कम दोन्ही केबल कंपनीनेच ठरवलेली असतात. आणि केबलवाल्याचा करार सहसा नेटवर्कशी नसतो, स्टेशनशी असतो.

१९९२ च्या केबल कायद्यानुसार प्रत्येक व्यावसायिक स्टेशनला दर तीन वर्षांनी दोनातलं एक निवडावं लागतं. 'मस्ट-कॅरी' घेतलं तर केबलवाल्याला ते स्टेशन दाखवावंच लागतं, पण स्टेशनला दमडी मिळत नाही. 'रिट्रान्समिशन कन्सेंट' घेतलं तर पैसे मागता येतात, मात्र सौदा फिसकटला तर केबलवरून गायब व्हायची तयारी हवी. २०२७ ते २०२९ साठीची निवड कळवायची मुदत १ ऑक्टोबर २०२६. काहीच कळवलं नाही तर केबलवर मस्ट-कॅरी धरतात आणि डिशवर नेमकं उलटं, म्हणजे कन्सेंट. या फरकाकडे दुर्लक्ष झालं की लहान स्टेशन डिशवरून बाहेर राहू शकतं. पीबीएसच्या, म्हणजे बिगर-व्यावसायिक सार्वजनिक स्टेशनांना पैसे मागायची सोयच नाही.

आता हिशेब. आकडे फक्त समजण्यापुरते. स्टेशनचा दर ग्राहकामागे महिन्याला ३ डॉलर आणि ग्राहक २ लाख, म्हणजे ६ लाख डॉलर जमा. यातून स्टेशन आपल्या नेटवर्कला हिस्सा देतं, त्याला 'रिव्हर्स कॉम्पेन्सेशन' म्हणतात. (पूर्वी गंगा उलटी वाहायची, कार्यक्रम दाखवल्याबद्दल नेटवर्कच स्टेशनला पैसे द्यायचं.) समजा नेटवर्कने महिना ३ लाख ठरवून घेतले, तर स्टेशनकडे उरले ३ लाख.

मेख पुढे आहे. लोकांनी केबल सोडली, ग्राहक १ लाख ७० हजारांवर आले. जमा ५ लाख १० हजार. नेटवर्कची रक्कम ठोक असेल तर ती ३ लाखच राहते आणि स्टेशनच्या हातात २ लाख १० हजार. ग्राहक १५ टक्के घटले, स्टेशनची मिळकत ३० टक्के. म्हणून नेटवर्कचा हिस्सा ठोक आहे की ग्राहकामागे, हे कलम करारात सगळ्यात आधी बघायचं. केबलचा करार आणि नेटवर्कचा करार वेगवेगळ्या वर्षी संपत असतील तर दुखणं आणखी वाढतं: नेटवर्कने हिस्सा वाढवला, पण केबलकडून वाढीव दर घ्यायला अजून दीड वर्ष बाकी.

न्यूयॉर्कसारख्या मोठ्या शहरांत बरीच स्टेशनं खुद्द नेटवर्कच्याच मालकीची असतात. तिथे या खिशातून त्या खिशात, एवढंच.

अकराची_बातमी:
जाहिरातींबद्दल. प्राइम टाइममधला बहुतेक जाहिरात-वेळ नेटवर्क विकतं, स्टेशनच्या वाट्याला तासात मोजकी मिनिटं येतात. स्थानिक बातम्यांतला सगळा वेळ मात्र स्टेशनचा, म्हणून तर बातम्यांचे तास वाढत जातात. विकत घेतलेल्या सिंडिकेटेड कार्यक्रमांत काही किंमत रोख आणि काही जाहिरात-वेळेच्या रूपात चुकती होते.

निवडणुकीच्या वर्षी स्टेशनची चांदी असते, पण एक अट आहे. प्राथमिक (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या) निवडणुकीआधी ४५ दिवस आणि मुख्य निवडणुकीआधी ६० दिवस उमेदवाराला सर्वांत कमी दर द्यावा लागतो. बाहेरच्या प्रचारगटांना ही सवलत नाही, खरी कमाई त्यांच्याकडून.

केबलवाल्याला स्टेशनच्या जाहिरातींत काडीचाही वाटा नाही. ईएसपीएन किंवा सीएनएनसारख्या केबल चॅनलांवर मात्र त्याला तासाला साधारण २ मिनिटं स्वतः विकायला मिळतात.

रिमोट_हरवला:
म्हणजे सौदा फिसकटला की चॅनल जातं. मग ते नेहमी अमेरिकन फुटबॉलच्या हंगामाच्या तोंडावरच कसं जातं?

हिशेबवही:
कारण स्टेशनवाले कराराची शेवटची तारीख मुद्दाम तिथे आणून ठेवतात. २०१३ मध्ये सीबीएस आणि टाइम वॉर्नर केबलचं भांडण २ ऑगस्टला पेटलं आणि फुटबॉलचा हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर, २ सप्टेंबरला मिटलं. केबलवाल्याच्या हातातही एक बेडी आहे: रेटिंग मोजायच्या 'स्वीप्स' काळात त्याला स्थानिक व्यावसायिक स्टेशन स्वतःहून काढता येत नाही. डिशला हा नियम नाही.

रोख पैशाशिवायही सौदा होतो, बरं का. १९९३ मध्ये केबल कंपन्या रोख द्यायला तयारच नव्हत्या, तेव्हा एबीसीने ईएसपीएन२ आणि फॉक्सने एफएक्स या नव्या केबल चॅनलसाठी जागा मिळवली. सीबीएसला त्या फेरीत काहीच हाती लागलं नाही.

'आफ्टर-अक्वायर्ड' कलमावरही नजर ठेवा. मोठ्या समूहाने एखादं स्टेशन विकत घेतलं की या कलमाने त्या समूहाचा चढा दर त्या स्टेशनलाही लागू होतो. ग्राहक तेच, कार्यक्रम तेच, बिल मात्र वर.

अकराची_बातमी:
इंटरनेटवरून चॅनल दाखवणाऱ्या यूट्यूब टीव्हीसारख्या सेवांना हे गणित जसंच्या तसं लावू नका. १९९२ च्या कायद्यातली निवड त्यांना लागू नाही. तिथे बहुधा नेटवर्कच पुढे होऊन सौदा करतं आणि संलग्न स्टेशनांपुढे तयार करार ठेवतं. स्टेशनने सही केली तर हिस्सा नेटवर्ककडून येतो, म्हणजे पैशाची दिशाच उलटते.