गच्चीवरच्या सोलरचे मोडीत किती येतील?

सचिव (ए-१०१): नमस्कार मंडळी. गच्चीवरचा पाणी तापवायचा जुना सोलर या महिन्यात काढायचा आहे. नवीन बसवणारा म्हणतो, जुनं सगळं फुकट उतरवून नेतो, मजुरी लावणार नाही. हरकत नसेल तर उद्या त्याला हो म्हणतो.

सुलूवहिनी (बी-२०३): चालेल. एकदाची ती गळती थांबू दे.

रोहन (बी-३०२): सचिवकाका, थांबा जरा. तो नेतोय काय ते आधी बघा. आपली पॅनेलं काचेच्या नळ्यांची नाहीत, सपाट पेटीवाली आहेत. काचेखालच्या काळ्या पत्र्याला तांब्याच्या नळ्या जोडलेल्या असतात, वरखाली दोन जाड आणि मधे आठ-नऊ बारीक. पेटीमागे ४ किलो तांबं धरलं तरी ८ पेट्यांचं ३२ किलो. भंगारात तांबं आज किलोला ७०० च्या खाली कोणी मागत नाही. करा हिशेब.

सचिव (ए-१०१): म्हणजे २२ हजारांच्या वर??

रोहन (बी-३०२): शिवाय पेटीची चौकट ॲल्युमिनियमची, व्हॉल्व्ह पितळेचे. फुकट मजुरी कशी परवडते ते कळलं ना?

शेटकाका (ए-२०२): आणि टाकी? वजनाला तीच तर मोठी.

रोहन (बी-३०२): वजनाला मोठी, भावाला नाही. बाहेरचा पत्रा खाऱ्या वाऱ्याने खाल्लाय, आतला फोम भंगारवाला वजनातून कापणार. टाकी लोखंडाच्या भावात गेली तर किलोला २५-३० रुपये. आतली स्टेनलेस निघाली तर थोडे जास्त.

सुलूवहिनी (बी-२०३): रोहन, आमचा गीझर पण गेलाय रे. दुकानदार एक्स्चेंजमध्ये ५०० देतो. देऊ की भंगारात घालू?

रोहन (बी-३०२): वहिनी, किती जुना?

सुलूवहिनी (बी-२०३): सासूबाईंच्या वेळचा. दोघांनी उचलावा लागतो.

रोहन (बी-३०२): मग देऊ नका अजून! जुन्या गीझरांत तांब्याची टाकी असायची. हल्लीच्या बऱ्याच टाक्या पोलादाच्या, आतून काचेचा लेप आणि गंज आधी स्वतःवर घेणारी मॅग्नेशियमची कांडी. इलेक्ट्रिशियनला बाहेरचं कवच काढायला सांगा आणि चुंबक लावा. चिकटलं तर लोखंड, ५०० घ्या आणि गप्प बसा. नाही चिकटलं तरी लगेच नाचू नका, स्टेनलेसलाही बऱ्याचदा चिकटत नाही. किल्लीने ओरखडा काढा, लालसर दिसलं की तांबं.

सुमनकाकी (ए-३०१): तांबं सोडून पोलाद का वापरायला लागले पण? आमच्या सावईवेऱ्याच्या घरात न्हाणीत पाणी तापवायची तांब्याची भाण आहे, आजेसासूबाईंची. खाली माडाची चार चुडतं आणि नारळाची सोडणं घातली की पाणी कढत.

रोहन (बी-३०२): काकी, भाणीला जाळ बाहेरून लागतो, तो आत पोचवायला तांब्यासारखं दुसरं नाही. गीझरमध्ये तापणारा रॉड पाण्यातच बुडालेला, टाकीने फक्त पाणी धरायचं. मग महाग धातू कशाला?

सुमनकाकी (ए-३०१): हां, पटलं. दीर म्हणतात भाण मोडीत घालूया, भाव चढलाय. मी म्हटलं, मोडीत घडणावळ मिळते का? तशी नवीन घ्यायला गेलं की तांब्याचे पैसे वेगळे आणि घडणावळ वेगळी. विकून पैसे येतील, भाण येणार नाही.

शेटकाका (ए-२०२): बरोबर बोललीस गे सुमन. भाव काय, वर गेला तसा खालीही येतो. २००८ च्या शेवटी लंडनच्या धातू बाजारात तांबं टनाला ३००० डॉलरच्याही खाली आलं होतं. मे २०२४ मध्ये ११ हजारांच्या वर गेलं.

सुलूवहिनी (बी-२०३): शेटकाका, लंडनचा भाव तुम्हाला पाठ आणि मेंटेनन्सची तारीख मात्र नाही 😄

शेटकाका (ए-२०२): 🙏 भरतो.

सीए ताई (बी-१०१): सचिवकाका, एक सांगते. ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्याकडून नोंदणीकृत व्यापाऱ्याने धातूचं भंगार घेतलं तर जीएसटी व्यापाऱ्यानेच भरायचा, रिव्हर्स चार्जने. सोसायटीची नोंदणी नाही, तेव्हा "टॅक्स कापून भाव देतो" म्हणाला तर ऐकू नका. पैसे सोसायटीच्या खात्यातच घ्या, रोख नको.

सचिव (ए-१०१): देव बरें करूं, ताई. मग असं करतो. कंत्राटदाराला उतरवायची मजुरी वेगळी लिहून मागतो आणि भंगारवाल्यांचे भाव आपण स्वतंत्र घेतो, एक म्हापशाचा, एक फोंड्याचा. रोहन, तू वजनाला उभा राहशील?

रोहन (बी-३०२): राहतो, पण रविवारी. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम वेगळं करूनच काट्यावर घालायचं, सगळं एकत्र घातलं की तो मिक्स म्हणून पाडून मागतो. आणि पेटीत उष्णता धरायला भरलेली लोकर गच्चीवर उधळू देऊ नका, अंगाला खाज सुटते. मुलांना वर सोडू नका त्या दिवशी.

सुलूवहिनी (बी-२०३): तोवर गच्चीला कुलूप घाला हो. पलीकडच्या बिल्डिंगमध्ये एसीच्या तांब्याच्या नळ्या रातोरात कापून नेल्या.

सचिव (ए-१०१): घातलंय. किल्ली माझ्याकडे.

शेटकाका (ए-२०२): माझे पापड वर वाळत आहेत!!

सचिव (ए-१०१): या, उघडतो.