पाचव्या पिढीचा लॅपटॉप, ४ जीबी रॅम : वाढवावी का, आणि इंदूरात कुठून घ्यावी?

लोकमान्यनगरवाली
नमस्कार मंडळी. घरी २०१५ चा लॅपटॉप आहे. इंटेलचा आय३ प्रोसेसर, पाचवी पिढी, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. मंडळाच्या अंकाचं सगळं काम त्यावरच चालतं, पेजमेकर (पानं लावायला) आणि श्रीलिपी (मराठी टायपिंगला). सोबत क्रोम उघडलं की मशीन गप्प. दुकानात विचारलं तर "नया ही ले लो मॅडम" एवढंच उत्तर. ८ जीबीची रॅम टाकून काम भागेल का? सिल्व्हर मॉलच्या कॉम्प्युटर बाजारातून घ्यावी की ऑनलाइन?

खटपट्या
ताई, खरेदीच्या आधी एक करा. मशीन अडकलेलं असतानाच कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि मेमरी किती टक्के, डिस्क किती टक्के ते बघा. तिथेच परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केलंत की रॅमचे किती स्लॉट वापरात आहेत तेही कळेल. फॉर्म फॅक्टरपुढे 'एसओडिम' असेल तर रॅमची पट्टी सुटी आहे, बदलता येते. 'रो ऑफ चिप्स' असेल तर रॅम बोर्डावरच झाळलेली आहे, तिला हात लागत नाही.

रामबागकर
माझं मत उलटं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची अपडेट्स थांबली. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते, म्हणजे पाचवीवाल्यांना अधिकृत रस्ता बंद. त्यात रॅमचे भाव २०२५ च्या शेवटी चढले, एआयवाल्यांच्या डेटा सेंटरांनी सगळा माल उचललाय. अशा मशीनवर पैसे कशाला? फार तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाका, फुकट आहे.

लोकमान्यनगरवाली
लिनक्सवर पेजमेकर आणि श्रीलिपीचं डोंगल (यूएसबीत लावायची परवान्याची किल्ली) कसं चालणार हो? मागच्या वर्षांचे सगळे अंक त्याच फायलींत आहेत.
टास्क मॅनेजर बघितला. मेमरी ९० च्या आसपास, डिस्क सरळ १००. स्लॉट दोनपैकी एक वापरात, एसओडिम.

खटपट्या
मग दोन्ही बदला. नुसती रॅम वाढवलीत तर क्रोम थोडं सुधारेल, पण चालू व्हायला लागणारा वेळ तसाच राहील. रॅम भरली की विंडोज उरलेलं डिस्कवर ढकलतं आणि तुमची डिस्क फिरणारी, म्हणून दोघी मिळून अडतात. ८ जीबीची एक पट्टी आणि हार्ड डिस्कच्या जागी साटा एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपवाली डिस्क. विंडोज १० ची जादा सुरक्षा अपडेट्स नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. त्यानंतर हे मशीन फक्त अंकापुरतं ठेवा, बँकेची कामं मोबाइलवर.

पट्टी मात्र नीट बघून घ्या. तुमच्या प्रोसेसरला डीडीआर३एल जातीची रॅम लागते, १.३५ व्होल्टची. साधी डीडीआर३ असते १.५ व्होल्टची. पट्टीच्या कडेवरची खाच दोघींची सारखीच, त्यामुळे स्लॉटमध्ये बसते, पण बरेचदा स्क्रीन काळी ती काळीच. दुकानदार "अरे सब एक ही है" म्हणाला तरी स्टिकरवर पीसी३एल-१२८०० वाचा. त्यातला 'एल' हवाच. डीडीआर४ ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसणारच नाही.

मालवी_मिरची
भिया बरोबर बोलले. सिल्व्हर मॉलला लॅपटॉप घेऊनच जा ताई, आणि पट्टी तुमच्यासमोर लावून चालू करून दाखवायला सांगा. जुन्या मशीनमधून काढलेल्या पट्ट्याही तिथे मिळतात, स्वस्त असतात, पण "बदलून देऊ" हे बिलावर लिहून घ्यायचं. तोंडी वॉरंटीला आपल्याकडे काय अर्थ आहे ते माहीतच आहे.

सुदामानगरचा_काका
घरी लावणार असाल तर चार्जर काढा, बॅटरी काढा (आत असेल तर तिची वायर सोडवा), एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावून घ्या. पट्टी तिरकी सरकवायची, सोनेरी कड दिसेनाशी झाली की खाली दाबायची, दोन्ही बाजूंचे चिमटे टकटक बसतात. आवाज नाही आला तर बसलेली नाही. जुनी पट्टी कुरकुर करत असेल तर कडेवरून खोडरबर हलक्या हाताने फिरवा. पहिल्यांदा चालू होताना स्क्रीन थोडा वेळ काळी राहते, लगेच बटण दाबू नका. नंतर विंडोजमधलीच रॅम तपासायची सोय, विंडोज मेमरी डायग्नोस्टिक, चालवून घ्या.

लोकमान्यनगरवाली
जुनी ४ आणि नवी ८ सोबत चालेल? की दोन्ही सारख्या हव्यात?

खटपट्या
चालेल. एकूण १२ पैकी पहिले ८ जीबी दोन वाटांनी चालतात, वरचे ४ एका वाटेने, पेजमेकरला फरक जाणवणार नाही. दोन्ही डीडीआर३एल असल्या म्हणजे झालं.

लोकमान्यनगरवाली
बरं, शनिवारी सिल्व्हर मॉलला जाते. एसएसडी २५६ घेऊ की ५१२?

खटपट्या
सी ड्राइव्ह आणि अंक मिळून २०० जीबीच्या आत असेल तर २५६ पुरे. पण विंडोज नव्याने टाकू देऊ नका, "क्लोन करून द्या" असंच सांगा, म्हणजे जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं येईल. नाहीतर श्रीलिपीची सीडी आणि डोंगलचा ड्रायव्हर शोधत बसाल. जुनी डिस्क मागून घ्या, यूएसबीचं केसिंग घालून बॅकअपला वापरा.