अनुभव धागा: आर्केड कपाटात (टपरीवरच्या व्हिडिओ गेमसारख्या उभ्या पेटीत) फिरता स्क्रीन बसवलाय? मापांसकट लिहा

खाडीकाठ
गणपतीला चाकरमानी येणार म्हणून माळ्यावरचं कपाट खाली उतरलं आणि एसटी स्टँडमागची व्हिडिओ गेमची टपरी आठवली. तिथे पॅकमॅन (१९८०) आणि गॅलागा (१९८१) उभ्या स्क्रीनवर असायचे. स्ट्रीट फायटर टू (१९९१) मात्र आडवा. घरी १९ इंची ५:४ मॉनिटर आहे, दिसणारा भाग ३७६ × ३०१ मिमी. तो आडवा ठेवून पॅकमॅन लावला तर चित्र २२६ × ३०१ एवढंच, दोन्हीकडे काळं. उभा केला तर २८२ × ३७६, म्हणजे क्षेत्रफळ दीडपटीच्या वर. फिरवायची सोय कोणी कशी केलीत, कुठे फसते, सगळं लिहा.

सुतारपक्षी
आधी कर्ण मोजा, मग बाकी. प्लास्टिक काढलेलं पॅनल साधारण ३९६ × ३२४ भरतं, कर्ण ५१२. दोन्ही बाजूंना १० मिमी मोकळे धरा, ५३२ झाले. बाहेरून ६१० रुंद कपाट, १८ मिमीच्या दोन बाजू वजा जाता आत ५७४ उरतात. आरामात फिरतं. २४ इंची वाइडचा नुसत्या चित्राचा कर्णच ६०९ आहे, त्याचा नाद सोडा. आणि मध्यापासून खाली कंट्रोल पॅनलपर्यंत २६६ मोकळे हवेत, लोक हेच विसरतात. मग कोपरा बटणांच्या वायरींना घासतो.
एमडीएफ (दाबलेल्या भुशाची फळी) अजिबात नको. दोन पावसाळ्यांत कडा पावासारख्या फुगतात. आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय घ्या, कापलेल्या कडांना प्रायमरचे दोन हात.

मिऱ्याबंदर
डायनिंग टेबलावर फिरत्या थाळीखाली असतं ते बेअरिंग चालेल का? १२ इंची मिळतंय.

सुतारपक्षी
चालेल, पण ते आडवं ठेवून वरून वजन घ्यायला केलेलं असतं. उभं लावलं की वरची कड पुढे झुकते. ६ इंची तर मुळीच नको, जेवढं मोठं तेवढं कमी डुलतं.

मालवणी_खाजा
ता बेअरिंग उभा लावलास की हलतलाच. मागे नायलॉनचे पट्टे मार.

सुतारपक्षी
बरोबर. भाजी कापायचा प्लास्टिकचा पाट कापून चार पट्ट्या करा आणि फिरत्या फळीच्या कडेला, तिच्या मागे चार दिशांना बसवा. फळी त्यांना जेमतेम टेकली पाहिजे. दाबली तर अडकते.

लेथवाला
यूसीएफ २०४ फ्लँज बेअरिंग (बोल्टने फळीवर बसतं ते) घ्या, २० मिमी शाफ्ट. पण एकच लावू नका! आतली रिंग स्वतःहून तिरकी व्हायला मोकळी असते, त्यामुळे स्क्रीन डोलतो. दोन लावा, मध्ये निदान ८० मिमी अंतर. तोटा एवढाच की शाफ्ट भरीव, वायर मधून जात नाही. थाळीच्या बेअरिंगला मधलं भोक फुकट मिळतं.

देवगडचा_आंबट
बेअरिंगवर एवढी चर्चा, पण खरी गोम वेगळीकडे आहे. मॉनिटर टांगायला मागे असतात ती व्हेसा मापाची १०० × १०० मिमी भोकं चित्राच्या बरोबर मध्यावर असतातच असं नाही. मध्य १२ मिमी वर असला तर उभं केल्यावर चित्र १२ मिमी बाजूला सरकतं आणि बेझलमागे (समोरच्या चौकटीमागे) जातं. समोरून मास्किंग टेपने दोन कर्ण आखा, छेद मिळाला की तोच फिरण्याचा मध्य. मध्ये १२ मिमी प्लायची अडॅप्टर फळी घाला, तिला लांबट भोकं पाडा म्हणजे सरकवता येईल. स्क्रू एम ४, लांबी फळीच्या जाडीपेक्षा ६ ते ८ मिमी जास्त. त्याहून लांब घातला तर आतल्या बोर्डाला टेकतो.
आता मध्य चित्राचा धरला म्हणजे वजनाचा मध्य चुकला. ४५ अंशांवर सोडून बघा, जड बाजू खाली येते. तिच्या विरुद्ध कडेला मासेमारीच्या जाळ्याला बांधतात ती शिसं चिकटवत जा, सोडलं तिथे थांबेपर्यंत.

पाणचट_चहा
शिसं 😄 म्हणजे मॉनिटरने मासे पकडायचे.

खाडीकाठ
मोटर लावावी का?

लेथवाला
नेमा १७ स्टेपर (टप्प्याटप्प्याने फिरणारी मोटर), जीटी २ दातेरी पट्टा, पुल्या २० आणि १२० दातांच्या. ६:१ झालं. १६ मायक्रोस्टेपवर (मोटरच्या एका टप्प्याचे १६ भाग) स्क्रीनचा पूर्ण फेरा १९,२०० टप्पे, पाव फेरा ४,८००. दोन्ही टोकांना लिमिट स्विच, म्हणजे टोकाला मोटर थांबवणारे. पण लाइट गेली की स्टेपर पकड सोडतो, आणि आपल्याकडे पावसात लाइट कधी जाईल सांगता येत नाही. शिसं लावून तोललेला स्क्रीन हातानेच फिरवा. ० आणि ९० वर रबरी ठोकळा आणि कपाटाच्या दाराचा चुंबक. खट् करून बसतो.

देवगडचा_आंबट
+१. मोटर म्हणजे हौस.

वेंगुर्ल्याचा_वारा
मेममध्ये (जुने आर्केड गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम) सेटिंग करा. स्क्रीन फक्त घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर ऑटोरोल, उलट फिरत असेल तर ऑटोरोर. उलटसुलट केलंत तर पॅकमॅन डोक्यावर उभा. एचडीएमआयची मऊ वायर घ्या, ३० सेंमी ढील ठेवा आणि मध्याजवळच बांधा. कडेला बांधली तर दर फिरण्याला सॉकेट ओढला जातो.
पॅनल टीएन (स्क्रीनचा एक प्रकार) असेल तर घेऊ नका. उभं केलं की वर-खालचा खराब कोन बाजूला येतो, शेजारी उभ्या गड्याला सगळं फिकट दिसतं. आयपीएस प्रकारचं बघा.

मिऱ्याबंदर
खाऱ्या हवेचं काय? झिंकचे स्क्रू वर्षात तांबूस होतात.

वेंगुर्ल्याचा_वारा
३१६ स्टेनलेस स्टीलचे स्क्रू. ॲल्युमिनियमच्या पट्टीत लावताना नायलॉनचा वॉशर घाल, नाहीतर पांढरी पूड धरून जाम होतो. बेअरिंगला होडीवाले वापरतात ते ग्रीस, बोटभर पुरे.

पाणचट_चहा
मागची भोकं जाळीने बंद करा. पाल उबेला येऊन बसते, स्क्रीन फिरवला की शेपटी तिथेच.

मालवणी_खाजा
शी! जेवताना वाचलंय.

मिऱ्याबंदर
ती शिसं सुटी मिळतात की किलोवर?

देवगडचा_आंबट
किलोवर. पाव किलो माग, उरतील.