मागचा टायर मोठा टाकला की ग्रिप वाढते? कुणी सांगितलं?

घाटवाट_खानापूर
परवा ग्रुपवर टायरबद्दल एक पोस्ट फिरली आणि लोकांनी भराभर अंगठे दिले. पोस्टमधलं ज्ञान असं: मागचा टायर कंपनीनं दिलाय त्यापेक्षा एक साईज मोठा टाका, ग्रिप वाढते. पुढचा झिजतच नाही, तो गोटा (नक्षी जाऊन गुळगुळीत) होईपर्यंत चालवा. आणि दोन्ही एकाच कंपनीचे असले की जोडी जमली, बाकी काही बघू नका. लिहिणाऱ्याची गाडी बहुतेक पार्किंगमध्येच असते. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबी-चोर्ला करणाऱ्या कुठल्या पोरानं हे मनावर घेतलं, तर त्याला कुठल्यातरी वळणाखालून उचलून आणायची वेळ येईल. म्हणून लिहितोय, लांब झालं तर झालं.

आधी पुढचा. ब्रेक मारला की गाडीचं बरंचसं वजन पुढं येतं. मागचं चाक थोडं सरकलं तर बऱ्याचदा सावरता येतं. पुढचं सरकलं की तुम्ही विचार करायच्या आत रस्त्यावर. जांबोटीच्या पुढं पहिल्या पावसात तांबडी माती रस्त्यावर येते, तिच्यावर पाण्याचा पातळ थर असतो. तिथं पुढच्या टायरच्या खाचाच काय त्या कामाला येतात. नियमानं दुचाकीला खाचेची खोली किमान ०.८ मिलिमीटर लागते. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, कडेला टीडब्ल्यूआय (झिजेची खूण) लिहिलेलं असतं. रबर झिजून त्या उंचवट्याला टेकलं की विषय संपला. आणि पुढचा लवकर झिजत नाही हेच तर दुखणं आहे. लवकर झिजत नाही म्हणून लोक वर्षानुवर्षं बदलत नाहीत, रबर वाळून कडक होतं, कडेला बारीक चिरा पडतात. वरून नक्षी अजून दिसते, त्यामुळं मालक खूश.

आता मोठ्या साईजचं खूळ. पल्सर १५० च्या जुन्या मॉडेलला मागं १००/९०-१७ येतो (रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची रुंदीच्या टक्क्यात, रिम इंचात). पोरं १२०/८०-१७ टाकतात. रिम तीच! रुंद टायर अरुंद रिमवर बसवला की दोन्ही बाजू आत दाबल्या जातात आणि माथा वर फुगतो. म्हणजे सरळ जाताना रस्त्याला टेकणारा पट्टा तुम्हाला वाटतो तेवढा वाढतच नाही, आणि वळणात गाडी कंपनीनं ठरवली तशी झुकत नाही. शिवाय टायर जड, चेन कव्हरला घासतो ते वेगळंच.

कंपनीचं म्हणाल तर एकाच कंपनीत मायलेजचा कडक टायर असतो आणि ग्रिपचा मऊ असतो. पुढं मऊ, मागं दगड, पण नाव एक, ही कसली जोडी? याउलट एफझीला यामाहानंच पुढं साधा आणि मागं रेडियल (आतल्या धाग्यांची रचना वेगळी असलेला) दिलाय. तेव्हा जोडी म्हणजे त्या गाडीला कंपनीनं ठरवलेला साईज, प्रकार आणि वजन पेलायची ताकद. शिक्का नव्हे.

निपाणी_एक्सप्रेस
एवढं वाचून वाटलं गाडीचा टायर बदलायचाय की विमानाचा? माझ्या पल्सरला १२०/८० आहे. तवंदी घाट रोजचा. आजवर घसरली नाही, घासली नाही. उलट मागनं गाडी कशी भरलेली दिसते. आमच्या निपाणी-चिकोडी रस्त्यावर गळीत हंगामात ऊस ट्रॉल्यांची काळी माती पडते, त्यात बारीक टायर घालून दाखव मग ज्ञान दे. तुमच्या तांबड्या मातीचं आम्हाला सांगू नका.

घाटवाट_खानापूर
घसरली नाही म्हणून बरोबर, हे लॉजिक असेल तर हेल्मेटही फेकून दे. आणि चिखलात रुंद टायर वर तरंगतो, बारीक टायर चिखल कापून खालच्या डांबराला लागतो. काळ्या मातीतलाच माणूस आहेस, एवढं तरी माहीत पाहिजे होतं. शेवटी 'भरलेली दिसते' लिहिलंस ते मात्र खरं कारण.

निपाणी_एक्सप्रेस
दिसायला हवीच की. पैसे मी दिलेत.

टिळकवाडी_हिशेब
१०० चे ९० टक्के म्हणजे ९० मिलिमीटर उंची, वर-खाली मिळून १८०. १७ इंचाचे ४३१.८. एकूण व्यास साधारण ६१२. आता १२० चे ८० टक्के म्हणजे ९६, दुप्पट १९२, एकूण ६२४. फरक दोन टक्के. एवढ्यासाठी दोघं हमरीतुमरीवर आलात. व्यासाचा प्रश्न नाहीच, रिमच्या रुंदीचा आहे. खानापूरकर तेवढं बरोबर बोलतायत. भाषा जरा कमी आक्रमक चालली असती.

निपाणी_एक्सप्रेस
दोन टक्के म्हणजे स्पीडोमीटर पण चुकत असेल मग? हेच ऐकवायचं राहिलं होतं.

टिळकवाडी_हिशेब
ज्या गाडीची स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकातून येते तिला मागच्या टायरनं काही फरक पडत नाही. तुझी कुठून येते ते वाकून बघ आणि मग ओरड.

मच्छेचा_टर्नर
मला एक सांगा, हे सगळं पैसेवाल्यांचं चाललंय का? आमी उद्यमबागेत लेथवर उभं राहून पोट भरतो. जुनी स्प्लेंडर हाय, पुढं-मागं दोन्हीकडं २.७५-१८ (रुंदी आणि रिम इंचात). मागचा गोटा झालाय. पंक्चरवाला म्हणतो, पुढचा काढून मागं घालतो, नवा पुढं टाक, एका टायरमध्ये काम. पुढं नवा पाहिजे असं तुमीच म्हणताय न्हवं? मग ह्यात काय चुकलं ते सांगा की.

घाटवाट_खानापूर
दादा, नवा पुढं हे बरोबर, पण जुना पुढचा मागं घालू नका. साईज सारखी दिसली तरी दोन्ही टायर सारखे नाहीत. जुन्या स्प्लेंडरच्या पुढच्या टायरच्या कडेला ४ पीआर (थरांच्या ताकदीचा आकडा), ४२पी असं असतं, मागच्याला ६ पीआर, ४८पी. ४२ म्हणजे १५० किलो, ४८ म्हणजे १८० किलो पेलायची हद्द. पी म्हणजे ताशी १५० चा वेग, त्याची तुम्हाला काळजी नको. मागं तुम्ही बसणार, बायको बसणार, वर बाजाराची पिशवी. पुढचा टायर त्यासाठी बनलेलाच नाही. नक्षीही वेगळी, पुढच्याला गोल फिरणाऱ्या सरळ रेघा असतात, त्या चाक वळवायला चांगल्या, मागून ढकलायला नाहीत.

मच्छेचा_टर्नर
पंक्चरवाल्यानं हे कधी सांगितलं न्हाई. त्याला काय, पाच मिनिटात काम संपवायचं असतंय. मागच्या टायमाला त्यानं टायरवरचा फिरायच्या दिशेचा बाण उलटा बसवला होता, मीच बघून परत काढायला लावला.

अनगोळची_बुलेट
बाणावरून आठवलं. काही टायरवर दोन बाण असतात, एकावर फ्रंट, दुसऱ्यावर रिअर, आणि दोन्ही एकमेकांच्या उलट दिशेला. म्हणजे तोच टायर पुढं घातला तर एकीकडं फिरवायचा, मागं घातला तर दुसरीकडं. पुढच्या चाकाला जोर ब्रेकचा आणि मागच्याला ओढायचा, म्हणून. आमच्या गल्लीतला एकजण दोन्ही बाण बघून म्हणाला, कसाही घाला, चालतंय. घाला मग.

शहापूर_गल्ली
मी टायर इथं घेतच नाही. कोल्हापुरात जातो. तिकडं स्वस्त आणि माल ताजा. बेळगावात दुकानदार जुना माल पुसून, काळं पॉलिश मारून देतात. एकदा मला दिलेल्या टायरवर ३८१९ होतं, म्हणजे २०१९ च्या ३८ व्या आठवड्याचा, आणि घेतला होता कधी? २०२३ ला!

टिळकवाडी_हिशेब
मग आकडा दुकानात वाचायचा, घरी येऊन नाही. आणि स्वस्त कसा? १ जुलै २०१७ पासून जीएसटी कर्नाटक-महाराष्ट्र दोन्ही राज्यांत एकच. २२ सप्टेंबर २०२५ ला टायरवरचा २८ चा १८ टक्के झाला तोही दोन्हीकडं. कोल्हापूरला जाऊन यायला निम्मा दिवस आणि पेट्रोल, ते कुणाच्या हिशेबात?

शहापूर_गल्ली
तुम्हाला कोल्हापूरचं नाव काढलं की त्रास होतो. माझे मामा तिकडं आहेत, मी जाणारच असतो.

निपाणी_एक्सप्रेस
आणि आमच्याकडं कागलचे लोक उलटे येतात पेट्रोल भरायला. सीमेवरची कोगनोळी ओलांडली की पहिल्या पंपावर एमएच-०९ ची, म्हणजे कोल्हापूरच्या गाड्यांची रांग. तुम्ही टायर तिकडून आणा, ते पेट्रोल इकडून नेतात. एकूण काय, सगळे नुसते फिरतायत.

टिळकवाडी_हिशेब
पेट्रोल जीएसटीत नाही म्हणून दर वेगळे, टायरचं तसं नाही. किती वेळा सांगायचं?

शहापूर_गल्ली
किती वेळा म्हणजे? तुम्ही मास्तर आहात काय आमचे? आणि ज्यांच्या स्वतःच्या गाड्या मामाच्या पत्त्यावर एमएच-०९ पासिंग करून टिळकवाडीत वर्षानुवर्षं फिरतात त्यांनी दुसऱ्याला टॅक्स शिकवू नये. नाव घेत नाही.

टिळकवाडी_हिशेब
माझी केए-२२ आहे, बेळगावचाच नंबर, फोटो टाकू? कर्नाटकातला लाइफटाइम टॅक्स भरताना डोळ्यातून पाणी आलं होतं, पावती जपून ठेवलीय. बाहेरच्या राज्याची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो, हे मला माहीत आहे. तुम्हाला माहीत आहे का ते सांगा, कारण मामा तुमचे आहेत.

शहापूर_गल्ली
मामापर्यंत जायचं काम नाही!!

निपाणी_एक्सप्रेस
लागलं बघा. नाव घेत नव्हते, आपोआप निघालं.

अनगोळची_बुलेट
अरे नंबरप्लेट बदलून टायरची ग्रिप वाढते काय? दोन्ही राज्यांचे खड्डे सारखेच आहेत, त्यात मात्र एकी आहे. हे थांबवा. सीमाप्रश्न टायरच्या धाग्यावर सुटायचा असता तर कधीच सुटला असता.

आणि माझा मुद्दा कुणी घेतलाच नाही. तारांच्या रिमवर ट्यूबलेस बसवून देतो म्हणणारे भेटतात, त्यांच्यापासून सावध. साध्या तारांच्या रिममध्ये हवा तारांच्या मुळातून निसटते. टायरवर ट्यूबलेस लिहिलेलं चालतं, पण आत ट्यूब घालूनच. मला एका दुकानात ट्यूबशिवाय सीलंट (भोक बुजवायचं द्रव) मारून दिला होता. सकाळी गाडी स्टँडवर, पुढचं चाक भाकरीसारखं चपटं. दुकानदार म्हणे, थंडीमुळं.

घाटवाट_खानापूर
मामांना बाजूला ठेवून एक गोष्ट. टायर कुठूनही घ्या, पण बसवताना तिथं उभं राहा. टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो हलकी बाजू दाखवतो, तो व्हॉलजवळ (हवा भरायच्या नळीजवळ) आला पाहिजे. साबणाचं पाणी लावून हवा भरली की टायर फट् करून रिमला बसतो. मग रिमच्या कडेला टायरवर जी बारीक रेघ असते ती सगळीकडं सारख्या अंतरावर आहे का, चाक हातानं फिरवून बघा. एका ठिकाणी रेघ आत गेली असेल तर हवा काढून परत बसवायला लावा, नाहीतर रस्त्यावर चाक उडत राहतं आणि तुम्ही शॉकअपला शिव्या देता. शेवटी तो माणूस डोळे झाकून ४० हवा भरतो. पल्सरला पुढं २५, मागं एकट्याला २८, डबलसीटला ३२. ४० मध्ये नवा टायरही काचेवर चालल्यासारखा वागतो. आणि नव्या टायरवर सुरुवातीचे शंभर-दीडशे किलोमीटर जपून, वरचा चकचकीत थर जाईपर्यंत.

निपाणी_एक्सप्रेस
बरं, हवेचं मान्य. मी आज मोजली, मागं ३८ निघाली. म्हणजे १२०/८० मध्ये दोष नाही, हवा भरणाऱ्यात आहे. माझंच खरं ठरलं.

घाटवाट_खानापूर
ठरलं बाबा. सत्कार ठेवूया तवंदीला.

शहापूर_गल्ली
मला अजून उत्तर आलेलं नाही की बेळगावात ताजा माल कुठं मिळतो. दुकानाचं नाव सांगा, मग कोल्हापूर सोडतो.

टिळकवाडी_हिशेब
दुकान नाही, आकडा बघायचा. चार आकडे, शेवटचे दोन वर्ष. हे कोल्हापुरात पण तसंच असतं.

मच्छेचा_टर्नर
तुमचं चालू द्या. मी काल जाऊन आलो. पैल्या दुकानात मागचा टायर दाखवला, आकडा १८२१. फ्रेश माल म्हणाला. फ्रेश म्हणजे चार वर्षं झाली की मर्दा, म्हटलं आणि उठलो. दुसरीकडं याच वर्षाचा मिळाला, ६ पीआर, ४८पी, कडेला वाचूनच घेतला. पुढचा आता न्हाई, दिवाळीच्या बोनसवर बघू, तोवर जांबोटीकडं जायचं काम न्हाई. हवा गाडीवरच्या स्टिकरप्रमाणं भर म्हटलं तर पोरगा माझ्याकडं बघतच ऱ्हायला.

निपाणी_एक्सप्रेस
तीन इंची टाकला असतास तर जरा गाडीसारखी गाडी दिसली असती.

मच्छेचा_टर्नर
तू पैसे दे, टाकतो.